मेडशीला घर घ्यावे का?

पती अकोल्यात आणि पत्नी वाशिमला, किंवा याच्या उलट, अशी नोकरी करणारी जोडपी या दोन जिल्ह्यांतल्या शाळांत, बँकांत आणि सरकारी कार्यालयांत जागोजागी भेटतात. मुंबई-पुण्याच्या जोडप्यांना उपनगर निवडता येते. अकोला आणि वाशिम यांच्यामध्ये उपनगर नाही. आहेत ती पातूर, मेडशी आणि मालेगाव अशी रस्त्यावरची गावे. त्यांतले मेडशी जवळजवळ नेमके मध्यावर येते. अकोल्याहून नांदेडकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 161 च्या चौपदरीकरणाचे टप्पे पाडतानाही एक टप्पा अकोला ते मेडशी आणि पुढचा मेडशी ते वाशिम असाच पाडला गेला, आणि दोन्ही टप्प्यांची लांबी पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे दोन्हीकडे सारखेच अंतर पडेल अशा घराचा विषय निघाला की मेडशीचे नाव आपोआप पुढे येते.

हा प्रश्न तसा जुना नाही. वाशिम 1905 पर्यंत वऱ्हाडातला स्वतंत्र जिल्हा होता. त्या वर्षीच्या फेररचनेत तो मोडला, वाशिम अकोला जिल्ह्यात गेले आणि 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुन्हा वेगळा जिल्हा झाला. वेगळा जिल्हा झाल्यावर वाशिमला जिल्हाधिकारी कार्यालय आले, जिल्हा परिषद आली आणि त्यांच्यासोबत नोकऱ्या आल्या. घरे, मुलांच्या शाळा आणि दवाखाने मात्र अनेकांचे अकोल्यातच राहिले. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना तर एक नवीच भिंत आडवी आली. पूर्वी अकोल्याच्या शाळेतून वाशिमच्या शाळेत जाणे ही जिल्ह्यातली बदली होती. आता ती आंतरजिल्हा बदली झाली, आणि तशी बदली घेतली की नव्या जिल्हा परिषदेत सेवाज्येष्ठता तळापासून मोजली जाते. म्हणून पुष्कळ जण बदली मागत नाहीत, ‘अपडाउन’ करतात.

घर कोठे घ्यायचे हे ठरवताना पहिले गणित अंतराचे. ते एकदा कागदावर मांडले की मेडशीची मोहिनी बरीच उतरते. दोन नोकऱ्या एकाच रस्त्याच्या दोन टोकांना असतील, तर घर त्या रस्त्यावर कोठेही घेतले तरी दोघांच्या प्रवासाची बेरीज बदलत नाही. अकोल्यात घर घेतले तर एकाला शून्य आणि दुसऱ्याला नव्वद, मेडशीत घेतले तर पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस, मालेगावात घेतले तर एकाला थोडे कमी आणि दुसऱ्याला तितकेच जास्त. मध्यावरचे घर प्रवास कमी करत नाही, तो दोघांत वाटून देते.

ही वाटणी निरर्थक आहे असे नाही. थकवा किलोमीटरच्या हिशेबाने सरळ वाढत नाही. पहिले चाळीस किलोमीटर माणूस सोसतो, पुढचे चाळीस अंगावर येतात. माणसाचा दिवसाचा प्रवास कोठल्याही काळात साधारण एका तासाभोवती स्थिरावतो, असे इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केटी यांनी 1994 मध्ये मांडले. मेडशीहून एसटीने कोणत्याही टोकाला जायचे तर थांबण्याचा वेळ धरून येण्याजाण्यात दोन-अडीच तास जातात, म्हणजे त्या एका तासाच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक. अकोला-वाशिम असा सगळा पल्ला एकट्याने रोज कापायचा तर दिवसाचे चार-पाच तास रस्त्यावर संपतात, आणि असे वर्षानुवर्षे करणाऱ्याचे शरीर आज ना उद्या हिशेब मागतेच. केवळ या कारणासाठी मध्यावरचे घर निवडणाऱ्यांना दोष देता येणार नाही.

पण घराचे अंतर फक्त दोन कार्यालयांपासून मोजायचे नसते. मुलाची शिकवणी, दाताचा डॉक्टर, बँकेचे काम, म्हाताऱ्या आईवडिलांची तपासणी, लग्नकार्याची खरेदी या प्रत्येकासाठी मेडशीहून पुन्हा अकोला किंवा वाशिम गाठावे लागते. मोठ्या दुखण्यात तर अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयच आठवते. अकोल्यात घर असेल तर या फेऱ्या रिक्षाने उरकतात. अंतराची जी बेरीज रस्त्यावर सगळीकडे सारखी वाटत होती, ती या तिसऱ्या प्रकारच्या फेऱ्या मिळवल्यावर मेडशीत सर्वांत मोठी होते.

याहून महत्त्वाची बाब कोणत्याही बेरजेत दिसत नाही. दुपारी दोन वाजता शाळेतून फोन येतो की मुलाला ताप भरला आहे. घर अकोल्यात असेल तर अकोल्यात नोकरी करणारा पालक वीस मिनिटांत शाळेत पोचतो. घर मेडशीत असेल तर आई पंचेचाळीस किलोमीटर दक्षिणेला असते आणि बाप पंचेचाळीस किलोमीटर उत्तरेला. दोघांनी प्रवास अगदी न्यायाने वाटून घेतलेला असतो आणि मुलाजवळ कोणीच नसते. लहान मुले असलेल्या घराने समान अंतराच्या न्यायापेक्षा एक पालक जवळ असण्याला अधिक किंमत द्यावी, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे. तो जवळचा पालक दरवेळी आईच असावी असे मात्र नाही. ज्याच्या नोकरीत सुटी मिळणे सोपे, त्याने जवळ राहावे.

आठवड्याचे दिवसही मोजायला हवेत. राज्य शासनाच्या कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्याच्या बदल्यात कामाची वेळ सकाळी 9.45 ते सायंकाळी 6.15 अशी लांबली. जिल्हा परिषदेच्या शाळा शनिवारीही सकाळी भरतात. बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुटी असते. म्हणजे राज्य शासनाच्या कार्यालयात काम करणारा महिन्यातून बावीस दिवस प्रवास करतो आणि शिक्षक चोवीस-पंचवीस दिवस. ज्याचे दिवस अधिक त्याच्या बाजूला घर थोडे सरकवणे रास्त ठरते. कार्यालयातला माणूस सव्वासहाला सुटून मेडशीला उतरेपर्यंत थंडीच्या दिवसांत पुरता अंधार झालेला असतो, हेही याच हिशेबात धरावे.

वाहनांची सोय मध्यावर सर्वांत पातळ असते. अकोला आणि वाशिम ही दोन्ही गावे अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहेत. 2008 मध्ये रुंद झालेल्या या मार्गामुळे दोन टोकांच्या लोकांना रेल्वे आणि एसटी असे दोन पर्याय आहेत. मेडशीला रेल्वे नाही; मालेगाव तालुक्यात ती जऊळक्यावरून जाते. रस्त्यावर अपघात होऊन वाहतूक अडली तर मेडशीच्या घरातल्या माणसाला रेल्वेचा पर्याय नसतो. बसमध्येही टोकाचा प्रवासी आगारातून बसून निघतो, मधल्या गावच्या प्रवाशाला भरून आलेली गाडी मिळते. रोज उभ्याने पंचेचाळीस किलोमीटर आणि बसून पंचेचाळीस किलोमीटर हे दोन वेगळे प्रवास आहेत. महामार्ग चौपदरी झाला म्हणजे गाडी वेगाने धावते, पण जलद गाडी मधल्या थांब्यावर थांबेलच याची खात्री रस्त्याच्या रुंदीतून मिळत नाही. मालेगाव तालुक्यातून समृद्धी महामार्गही जातो. मात्र तो पूर्व-पश्चिम धावतो आणि त्यावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा या रोजच्या प्रवासात त्याचा उपयोग नाही.

दुचाकीने जाणाऱ्यांसाठी पातूर आणि मेडशी यांच्यामधला डोंगराळ, झाडीचा पट्टा हा वेगळा विचार आहे. तिन्हीसांजेला रोही किंवा रानडुकरे रस्त्यावर येतात, आणि रुंद रस्त्यावर वेग वाढलेला असल्याने सावरायला वेळ कमी मिळतो. या पट्ट्यातून रोज रात्री परतणे टाळता आले तर टाळावेच.

आता पैसा. मेडशीचा प्लॉट अकोल्याच्या प्लॉटपेक्षा स्वस्त असतो आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होतो. पण दुचाकीने रोज नव्वद किलोमीटर म्हणजे साधारण दोन लिटर पेट्रोल; बावीस दिवसांचे चव्वेचाळीस लिटर, आणि लिटरचा दर शंभराच्या वर. एका माणसाचे साडेचार हजार, दोघांचे नऊ हजार रुपये दरमहा. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता 8,678 रुपये येतो. दोघेही दुचाकी वापरणार असतील, तर पेट्रोलात जाणाऱ्या पैशातून दहा लाखांचे कर्ज फिटले असते, हे प्लॉटच्या किमतीशेजारी लिहून पाहावे. अकोल्यात घर घेतल्यास एकाचा खर्च तसाच राहतो, किंबहुना वाढतो. पण तो रेल्वेच्या पासवर भागवता येतो.

एसटीने जाणाऱ्यांचे गणित निराळे आहे. महामंडळाच्या मासिक पासात वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो. पाच दिवसांच्या आठवड्यात बावीसच दिवस प्रवास होत असल्याने त्यात फार बचत उरत नाही. महिलांना 17 मार्च 2023 पासून तिकिटात 50 टक्के सवलत आहे. चोवीस दिवस जाणाऱ्या शिक्षिकेला रोज अर्धे तिकीट काढून बारा दिवसांच्या पूर्ण भाड्याइतकाच खर्च येतो, म्हणजे पासापेक्षा कितीतरी कमी. त्यामुळे आज या मार्गावर पत्नीचा प्रवास पतीच्या प्रवासापेक्षा स्वस्त पडतो. परंतु खर्च कमी म्हणून लांबचा प्रवास तिच्या वाट्याला टाकणे अन्यायाचे आहे, कारण घरी पोचल्यावर पोळ्या अजूनही बहुतेक घरांत तिलाच लाटाव्या लागतात.

घर कोणाच्या नावावर घ्यायचे यातही पेच आहे. महाराष्ट्रात केवळ महिलेच्या नावाने घर विकत घेतल्यास 1 एप्रिल 2021 पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. दोघांच्या नावावर घेतल्यास ती जाते. उलट जुन्या करप्रणालीत राहणाऱ्या दोघांनाही गृहकर्जाच्या व्याजाची प्रत्येकी दोन लाखांपर्यंतची वजावट हवी असेल, तर दोघेही मालक आणि दोघेही कर्जदार असावे लागतात. नव्या करप्रणालीत राहत्या घराला ही वजावटच नाही. पगार आणि करप्रणाली पाहूनच हे ठरवावे.

गावात प्लॉट घेताना कागद जास्त काळजीने पाहावे लागतात. रस्त्याकडेच्या शेतात खुंट्या ठोकून पाडलेले तुकडे ‘ले-आउट’ म्हणून विकले जातात. जमीन अकृषक झालेली आहे का, आखणीला मंजुरी आहे का आणि सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, हे आधी पाहावे. क्षेत्र 500 चौरस मीटरहून अधिक असेल आणि आठांहून अधिक प्लॉट पाडले असतील, तर महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी बंधनकारक आहे. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीचा नमुना आठ दाखवला जातो. ती कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा म्हणून तेवढ्यावर विसंबू नये. बँका अशा कागदावर कर्ज द्यायला मागेपुढे पाहतात, आणि जे घर घेताना बँक कचरते ते विकताना गिऱ्हाईकही कचरते.

विकण्याचा विचार येथे अशुभ मानू नये, कारण या जोडप्यांच्या आयुष्यात बदली अटळ आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदलीधोरणात पती-पत्नींच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरहून अधिक अंतर असेल तर त्यांना बदलीत प्राधान्य असलेल्या विशेष संवर्ग भाग 2 मध्ये स्थान मिळते. केंद्र शासनाच्याही पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशा सूचना आहेत. मेडशी सोयीचे ठरते ते दोन्ही नोकऱ्या जिथल्या तिथे राहतील तोवरच. एकाची बदली रिसोडला किंवा मूर्तिजापूरला झाली की मध्यबिंदू सरकतो आणि घर मात्र जागेवर राहते. अकोल्यातले घर बदलीनंतरही किरायाने देता येते. मेडशीत किरायेदार मिळणे तितके सोपे नाही. शिवाय शिक्षक, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) यांना मुख्यालयी राहण्याची अट आणि घरभाडे भत्त्यासाठी त्याबाबतचा ग्रामसभेचा ठराव हा विषय आहेच. सही करण्याआधी आपल्या खात्याचा नियम वाचून घ्यावा.

मुंबई-पुण्याच्या मध्ये राहणाऱ्यांचे उदाहरण यावर नेहमी दिले जाते. तिथे पनवेल निवडणाऱ्याला लोकल मिळते, महाविद्यालये आणि मोठी रुग्णालये गावातच मिळतात.  पनवेल मध्ये आहे म्हणून चालते असे नाही, ते स्वतः शहर आहे म्हणून चालते.

मेडशी ज्यांचे मूळ गाव आहे, ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, शेती आहे, त्यांनी तिथे जरूर बांधावे. त्यांच्या मुलाजवळ दुपारी दोन वाजता कोणीतरी असते. बाकीच्यांनी मेडशीत किरायाने राहून पाहावे, आणि विकत घ्यायचे घर ज्याची नोकरी अधिक स्थिर त्याच्या शहरात घ्यावे. तरीही प्लॉट पाहायला जायचेच असेल, तर रविवारी जाऊ नये. जुलैतल्या एखाद्या सोमवारी सकाळी आठ वाजता दोघांनी मेडशीच्या थांब्यावर उभे राहावे, एकाने अकोल्याची गाडी पकडावी, दुसऱ्याने वाशिमची, आणि संध्याकाळी तिथेच परत भेटून मग व्यवहाराचे बोलावे.