बांधावरचे बोल : बंधाऱ्याला पैसा कुठून आणावा?



दिवाळी सरली की आमच्या टपालात एक प्रश्न हमखास असतो. या आठवड्यातही एका भगिनीचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमच्या गावच्या ओढ्याला आज पाणी आहे, पण ते संक्रांतीपर्यंतच टिकते. पुढे पावसाळ्यापर्यंत हंडा काही डोक्यावरून उतरत नाही. ओढ्यावर बंधारा व्हावा असे सगळ्यांनाच वाटते. पण त्याला अनुदान कुठे मिळते हे कोणी धड सांगत नाही. तेवढे कळवावे."

ताई, अनुदानाची दारे बरीच आहेत. ती सांगतोच. पण त्याआधी आमच्या शेजारच्या गावची गोष्ट ऐका. गावाचे नाव सांगत नाही. कारण अशी गावे एक सोडून दहा सापडतील.

त्या गावाला सिमेंट नाला बांध मंजूर झाला. अंदाजपत्रक झाले, तांत्रिक मान्यता झाली, पैसाही आला. आखणीला माणसे आली तेव्हा कळले, की ओढ्याच्या एका काठाची जमीन दोघा भावांच्या सामाईक सात-बाऱ्यावर आहे. थोरला गावात होता, तो तोंडी 'हो' म्हणाला होता. धाकटा नोकरीनिमित्त मुंबईला. त्याला कोणी विचारलेच नव्हते. त्याचा हरकतीचा अर्ज आला, काम थांबले. बघता बघता ३१ मार्च उजाडला आणि न खर्चलेला पैसा परत गेला. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. सगळे पाणी गावाच्या डोळ्यांदेखत वाहून गेले आणि मे महिन्यात टँकर आला.

पुढच्या दिवाळीला धाकटा गावी आला. त्याच्या बहिणीने ओवाळताना विषय काढला. तो म्हणाला, "मला आधी विचारले असते तर मी सही केलीच असती." सही झाली. पण फाईल पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली आणि बांध उभा राहायला आणखी दोन वर्षे गेली.

म्हणून सांगतो, अनुदान शोधायला निघण्यापूर्वी गावाने आपली फाईल तयार करावी. योजनांची नावे बदलत असतात. जलयुक्त शिवार २०१४ साली आले, २०१९ नंतर थांबले, २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्याच्या नावाने पुन्हा आले. रोजगार हमीचा आपल्या राज्याचा कायदा १९७७ चा. २००५ साली देशाचा कायदा झाला आणि २०२५ च्या डिसेंबरात संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला. नाव कोणतेही असो, समोरचा अधिकारी जे कागद मागतो ते जवळपास तेच असतात. ज्याच्या हातात ते तयार असतात, त्याचे काम पुढे सरकते.

फाईलीत काय असावे?

पहिला कागद म्हणजे गावच्या पाण्याचा हिशेब. त्याला इंजिनिअर लागत नाही, सातवीतला मुलगासुद्धा करील. एक हेक्टर जमिनीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की १० हजार लिटर पाणी होते. गावाचे शिवार ५०० हेक्टर आणि पाऊस ५०० मिलिमीटर धरला, तर शिवारावर २५० कोटी लिटर पाणी पडले. आता दुसरी बाजू मांडा. गावात दीड हजार माणसे, माणशी रोज ५५ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ३ कोटी लिटर. आणि पाटाने पाणी दिले, तर एक एकर ऊस वर्षाला ८० लाख ते १ कोटी लिटर पितो. म्हणजे तीन-चार एकर उसाला जेवढे पाणी लागते, तेवढ्यात साऱ्या गावाची वर्षभराची घागर भरते! हा हिशेब चावडीवर मोठ्याने वाचून दाखवा. बंधारा कशासाठी हवा आणि अडवलेले पाणी कोणी, कशाला वापरायचे, हे दोन्ही प्रश्न त्याच दिवशी निघतील. निघू द्यावेत. बंधारा झाल्यावर भांडण्यापेक्षा आधी भांडलेले बरे.

दुसरा कागद गावाच्या नकाशाचा. त्यावर ओढे, विहिरी, पाझर तलाव, पडीक माळ, वनजमीन दाखवावी. प्रत्येक कामापुढे गट नंबर लिहावा. विहिरींची पातळी पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्यात, अशी वर्षातून दोनदा तरी दोरीने मोजून तारखेसह वहीत लिहावी. काम झाल्यावर फरक पडला की नाही, हे सांगायला हीच वही उपयोगी पडते.

इथे एक चूक नेहमी होते. सगळ्यांची नजर गावालगतच्या ओढ्यावर असते, डोंगराकडे कोणी पाहत नाही. माथ्यावरची माती न अडवता पायथ्याला बंधारा घातला, तर दोन-चार पावसांत तो गाळाने भरू लागतो. म्हणून कामाचा क्रम माथा ते पायथा असा हवा. वर सलग समतल चर, गवत आणि झाडे. मध्ये बांधबंदिस्ती आणि दगडी बांध. सर्वांत शेवटी सिमेंटचा बांध. समतल रेषा काढायला तीन काठ्या, दोरी आणि ओळंबा एवढ्यावर 'ए' अक्षराच्या आकाराची चौकट करता येते. डोंगर वनखात्याचा असेल, तर त्यांच्या परवानगीशिवाय कुदळ लावू नये.

तिसरा कागद संमतीचा. ज्याच्या गटात काम आहे, ज्याच्या रानात पाणी तुंबणार आहे, त्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या. सात-बाऱ्यावर जितकी नावे तितक्या सह्या हव्यात. लेकीबाळींची नावे असतील तर त्यांच्याही. मुंबई-पुण्याला गेलेल्यांना आजच पत्र घाला किंवा फोन करा.

चौथा कागद ग्रामसभेच्या ठरावाचा. गणपूर्तीला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांत जी संख्या कमी असेल तेवढी माणसे लागतात. पुष्कळ गावांत सभा कागदावरच होते आणि ठराव घरोघर सह्या फिरवून होतो. तसा ठराव हरकत आली की टिकत नाही. आणि बायकांनी सभेला जावे. पाणी त्या आणतात, मग पाण्याचा ठराव त्यांच्यावाचून का व्हावा?

आता दारे कोणती?

पहिले दार आपल्याच गावचे, ग्रामपंचायतीचे. ग्रामपंचायत दरवर्षी विकास आराखडा करते. आपले काम त्या आराखड्यात नसेल, तर पुढे सगळीकडे अडते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या पाच वर्षांत ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के हिस्सा बांधून दिला होता. त्यातला निम्मा पिण्याचे पाणी, पावसाचे पाणी साठवणे यांसाठी आणि निम्मा स्वच्छतेसाठी. तो पैसा तुमच्या गावात कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. पुढच्या निधीचे दरही ग्रामसेवकांकडून जाणून घ्या.

दुसरे दार सरकारी खात्यांचे. मृद व जलसंधारण विभाग, जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग, कृषी विभाग आणि रोजगार हमीची शाखा. जेथे मजुरी जास्त आणि सिमेंट-लोखंड कमी, अशी चर, बांध, शेततळी, वृक्षलागवड ही कामे रोजगार हमीत शोभतात. तलावातला गाळ काढून रानात टाकायचा असेल, तर गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार या योजनेची चौकशी करा. गाळाने तलाव मोकळा होतो आणि हलक्या रानाला माती मिळते.

तिसरे दार नाबार्डचे. १९९९-२००० साली २०० कोटी रुपयांनी नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला. येथे गावाला एकट्याने जाता येत नाही. नोंदणीकृत, अनुभवी संस्था बरोबर लागते. आधी थोड्या क्षेत्रावर काम करून गावाची एकी आणि श्रमदान पाहिले जाते, मगच सगळ्या पाणलोटाला पैसा मिळतो. प्रत्येक गावाने ही परीक्षा आनंदाने द्यावी. चौकशी जिल्हा विकास व्यवस्थापकांकडे करावी.

चौथे दार कंपन्यांचे. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्चावी लागते. माती-पाणी जतन करणे हे त्यात बसते. तुमच्या तालुक्याजवळ कारखाना असेल तर फाईल घेऊन जा. मात्र ज्या संस्थेमार्फत पैसा येणार, तिची त्या कामासाठी रीतसर नोंदणी आहे ना, ते आधी पाहा.

आणि एक दार चुकूनही ठोठावू नका. "अनुदान मिळवून देतो, आधी पाच हजार द्या" म्हणणाऱ्याचे!

गावाचा वाटा

फुकटच्या बंधाऱ्याला धनी नसतो. दार निसटते, फळ्या चोरीला जातात आणि गाव म्हणते, सरकार बघील. पुरंदर तालुक्यातील नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचे काम उभे केले. त्यांनी पैशाची घडी अशी बसवली होती : उपसा योजनेच्या खर्चापैकी ५० टक्के सरकारी अनुदान, ३० टक्के ग्राम गौरव प्रतिष्ठानचे बिनव्याजी कर्ज आणि २० टक्के शेतकऱ्यांनी आपल्या खिशातून. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे, माणसांवर. माणशी अर्धा एकर पुरेल एवढे पाणी, भूमिहीनालाही वाटा आणि ऊस बंद. दुष्काळी मुलखातल्या गरीब कुणब्यांनी तो पाचवा हिस्सा भरला, म्हणूनच ते पाणी त्यांना आपले वाटले आणि नियम पाळले गेले.

नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची गोष्टही अशीच. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, श्रमदान हे गावाने स्वीकारले. त्या गावाने रोजगार हमी, वनखाते, आदर्श गाव अशा निरनिराळ्या योजनांचा पैसा एकाच आराखड्यात बसवला. बोअरवेल शेतीसाठी घ्यायची नाही हे ठरवले, म्हणून मुरलेले पाणी टिकले.

तुमचा वाटा रोख नसेल तर घामाचा द्या. दर घरटी एक माणूस, आठवड्यातून एक सकाळ. हजेरीची वही ठेवा. तीही फाईलीत लागते.

पैसा आला की स्वतंत्र खाते, प्रत्येक पावती आणि देवळाच्या भिंतीवर जमाखर्च, हे तीन चुकवू नका. मापन पुस्तिकेतली नोंद गावातल्या दोघांनी स्वतः टेप धरून पाहावी. काम संपताच उपयोगिता प्रमाणपत्र वेळेवर द्यावे. ते अडले की पुढचा हप्ता अडतो.

आज काय करावे?

ताई, तुमच्या ओढ्याला अजून पाणी आहे ना? मग अनुदानाची वाट न पाहता रिकाम्या सिमेंटच्या गोण्या गोळा करा. त्यांत वाळू-माती भरा, तोंडे शिवा आणि ओढ्याच्या अरुंद जागी वनराई बंधारा घाला. गावाने मनावर घेतले तर एक-दोन दिवसांचे काम आहे. गुरांना, कपड्यांना पाणी राहील, लगतच्या विहिरींनाही थोडा आधार मिळेल. आणि तुमच्या फाईलीत पहिला फोटो लागेल : गावाने स्वतः अडवलेल्या पाण्याचा. साहेबांसमोर अर्ज ठेवताना तोच फोटो सर्वांत वर ठेवा.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेला अजून अवधी आहे. तोवर सह्या आणि हिशेब पुरा करा. काय झाले ते आम्हाला जरूर कळवा. पाणी अडले तरी लिहा आणि काम अडले तरी लिहा, मार्ग काढू.

तूर्त एवढेच. रब्बीची पेरणी साधो!