आजारी मुलाला गैरहजर मांडू नका

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस



शाळाबाह्य मुलाची व्याख्या तुमच्याच खात्याची आहे. सहा ते चौदा वयाचं जे मूल पटावर असूनही महिन्याहून जास्त काळ सलग गैरहजर राहतं, तेही शाळाबाह्य. नोकरीत असताना हा कागद हातात घेऊन मी वीटभट्ट्या, पालं, बसस्थानकं पालथी घातली आहेत. आता निवृत्त आहे आणि शेजारच्या चौथीतल्या एका मुलाला त्याच्या घरी जाऊन शिकवते. त्याला रक्ताचा कर्करोग आहे, केमो चालू आहे. कागदावर बघायचं तर तोही शाळाबाह्यच. पण त्याला शोधायला कुणी येणार नाही, कारण त्याचा पत्ता शाळेच्या दप्तरात व्यवस्थित लिहिलेला आहे.

मागणी आधीच सांगून टाकते. आजारपणामुळे महिनाभराहून जास्त घरी राहावं लागणाऱ्या मुलाला गैरहजर मांडू नका. तो घरी शिकतो आहे अशी नोंद करा आणि त्याच्या अभ्यासाची जबाबदारी शाळेतल्या एका ठरावीक शिक्षकावर द्या.

या आजाराचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षं चालतात. पहिले काही महिने फार कडक, मग मेंटेनन्सच्या गोळ्या. म्हणजे हा मुलगा चांगला होण्याची भरपूर आशा आहे आणि तो परत वर्गात बसणार आहे, हे धरूनच त्याला शिकवायला हवं. रक्ताचा रिपोर्ट आला की घरात पहिला प्रश्न असतो, “काउंट किती?” काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी असतील तर संसर्गाच्या भीतीनं मलाही दारातूनच परत जावं लागतं. मग फोनवर पाढे. स्टेरॉइड चालू असले की सारखी भूक, चिडचिड आणि पाच मिनिटांत वही भिरकावणं. व्हिन्क्रिस्टिन नावाचं एक इंजेक्शन असतं, त्यानं नसांवर परिणाम होऊन बोटांतली ताकद जाते. दिवाळीआधी या मुलाचं अक्षर सुरेख होतं. आता शर्टाचं बटण लावतानाही बोटं अडतात. पेन्सिल तर्जनीवरून घसरते, तो ती उचलतो, पुन्हा घसरते. तिसऱ्यांदा घसरली की मी वही मिटते.

आणि शाळेतून निरोप काय येतो? “वह्या पूर्ण करून पाठवा.” वर्गाच्या ग्रुपवर फळ्याचे फोटो येतात, सगळ्या विषयांचे, एकामागून एक. मग रात्री पोरगा झोपल्यावर त्याची आई मोबाइल तांब्याला टेकवून ठेवते आणि त्याच्या वळणाचं अक्षर काढत प्रश्नोत्तरं उतरवते. वह्या तपासून येतात, पानापानावर लाल सही. ती सही नक्की कुणाच्या अभ्यासावर झाली, हे बाईंनाही ठाऊक आहे आणि आईलाही. मी त्या बाईंना दोष देत नाही. त्यांच्याकडे वर्ग आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, निवडणुकीची कामं आहेत. काय गाळावं आणि काय ठेवावं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही, म्हणून त्या सगळंच पाठवतात.

खरं तर आजारी मुलाला शिकवायचं म्हणजे गाळायचंच असतं. भागाकार सोडून चालत नाही, तो सुटला की पुढचे अपूर्णांक सुटले. तिथे रोज दोनच उदाहरणं द्यावीत, पण द्यावीतच. भाषेत वाचन हवं, मग ते मी वाचलं आणि त्यानं ऐकलं तरी चालतं. परिसर अभ्यासातले निम्मे धडे गप्पांत होतात. शिवरायांचा इतिहास तर त्याला शिकवावाच लागत नाही. अफजलखानाचा शामियाना, वाघनखं, सय्यद बंडाचा वार आणि मध्ये पडलेला जिवा महाला, हे सगळं तो उशीला टेकून, हातवारे करत सांगतो. लेखी उत्तर मागितलं तर शून्य. त्याचे गुण कुठे मांडायचे?

मांडायला जागा आहे, साहेब. 20 ऑगस्ट 2010 च्या तुमच्याच शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनात तोंडी काम आहे, प्रात्यक्षिक आहे, प्रकल्प आहे. यातलं बरंच काही कॉटवर बसून होण्यासारखं आहे. फक्त ते घरी जाऊन केलं तर ग्राह्य धरलं जाईल, एवढं एक वाक्य मुख्याध्यापकांना लेखी हवं आहे. त्या वाक्याअभावी ते धजावत नाहीत, आणि वरिष्ठांच्या तपासणीचा धसका काय असतो हे मला चांगलं माहीत आहे. पुढच्या वर्षी हा मुलगा पाचवीत जाईल. 2023 च्या दुरुस्तीनंतर पाचवीला वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुनर्परीक्षा, तिथेही जमलं नाही तर तोच वर्ग. आईची झोप आता या गोष्टीनं उडाली आहे.

कायद्यात घरी शिकण्याची सोय नाही असं नाही. शिक्षण हक्क कायद्यात 2012 मध्ये ती घातली गेली, पण बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांसाठी. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत. रक्ताचा कर्करोग नाही, मूत्रपिंडाचे आजार नाहीत. आणि यादीत नाव असूनही भागत नाहीच. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलाला कायमचं घरी शिकायचं नसतं. सांधे ठणकायला लागले की आठवडाभर झोपून, मग पुन्हा शाळेत. थॅलेसेमियाचं मूल दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला जातं. त्यांचे चुकलेले दिवस सलग महिनाभर होतच नाहीत, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यावर येत नाहीत. गणितात मात्र बरोबर दिसतात. म्हणून महिन्याच्या अटीतून या मुलांना वगळा. आजाराची वैद्यकीय नोंद एकदा शाळेत दिली की तेवढी पुरे धरा.

घरी शिकवणं अशक्य आहे, असं कृपा करून म्हणू नका. 2020 मध्ये “शाळा बंद, पण शिक्षण आहे” ही घोषणा याच खात्याची होती. सह्याद्री वाहिनीवर “टिलीमिली” लागायचं, आम्ही गल्लीगल्लीत, ओट्यांवर, देवळांच्या ओवऱ्यांत पोरं बसवून शिकवलं. बालभारतीची पुस्तकं मोबाइलवर आजही फुकट मिळतात. सगळ्यांच्या शाळा बंद होत्या तेव्हा जे जमलं, ते एकट्याची शाळा बंद झाल्यावर का जमू नये?

ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणाऱ्या लेकरांसाठी खात्यानं शिक्षण हमी कार्ड काढलं. अंमलबजावणीबद्दल मी बरंच बोलू शकेन, पण कल्पना उत्तम आहे. मूल जाईल तिथे त्याचा हक्क त्याच्याबरोबर जातो. तसंच एक कार्ड आजारी मुलाला द्या. त्यावर कोणता आजार हे लिहायची गरज नाही. जबाबदार शिक्षकाचं नाव, प्रत्येक विषयातलं काय ठेवलं आणि काय गाळलं, लिहायला त्रास असेल तर तोंडी परीक्षेची मुभा, आणि परत आल्यावर पहिले काही आठवडे अर्धा दिवस शाळा, एवढं पुरे. उपचारासाठी मुंबई-नागपूरला महिनोन् महिने राहणाऱ्यांना तिथल्या जवळच्या शाळेतल्या शिक्षकानं हे कार्ड बघून शिकवावं. शिक्षकाची ही घरभेट कामाच्या तासांत धरा आणि त्याबदल्यात त्याच्याकडचं एखादं अशैक्षणिक काम काढून घ्या. नाहीतर हेही रकाने भरण्याचं काम होईल.

आणखी एक, याला पैसा लागत नाही. आठवड्यातून एकदा वर्गातून व्हिडिओ कॉल लावायला सांगा. आमच्या या गड्याला अभ्यासापेक्षा मोठी चिंता आहे ती आपली बाकावरची जागा कुणी घेतली याची. केस गेलेत म्हणून तो आधी कॅमेरा लावायला तयार नव्हता. मग त्याच्या दोस्तानं शाळेतल्या भांडणाची हकिगत अर्धीच सांगून फोन ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी यानं स्वतःच टोपी घालून फोन लावला.

जूनमध्ये शाळा उघडण्याआधी परिपत्रक निघावं, ही विनंती. मसुदा करायला माणूस हवा असेल तर मी बिनपगारी येईन; परिपत्रकांची भाषा वाचण्यात माझी उभी नोकरी गेली आहे. या पत्राची प्रत शिक्षण संचालक (प्राथमिक), पुणे यांनाही पाठवत आहे.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका