किडा चिरडू नका, फोटो काढा

ज्ञानगंगा अभयारण्य म्हटले की २०१९ मध्ये टिपेश्वरहून सुमारे १,३०० किलोमीटर चालत आलेला वाघ आठवतो. वाघासाठी मोठी, जड लेन्स हवी, असेच हौशी मंडळींना वाटते. माझे मत वेगळे आहे. पन्नाशीनंतर छायाचित्रणाचा छंद लागला असेल, तर हलका कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स घ्या आणि शेताच्या धुऱ्यावर जा. खांद्याला, मानेला ते ओझे सोसते आणि तिथे जे दिसते ते आरोग्यासाठीही उपयोगी पडते.

मायक्रो फोर थर्ड्स प्रकारच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी ऑलिंपसची ६० मिलिमीटरची मॅक्रो लेन्स फक्त १८५ ग्रॅमची आहे. १७ मिलिमीटरचा किडा तिच्यातून अख्खी चौकट भरतो. मात्र इतक्या जवळून जेमतेम मिलिमीटरभर खोलीचाच भाग स्पष्ट येतो. म्हणून वारा पडलेली सकाळ निवडावी, कोपर गुडघ्यावर टेकवावे आणि एकाऐवजी दहा फोटो काढावेत.

पावसाळ्यात ‘रात्री काहीतरी चावलं’ म्हणत रुग्ण येतात. मानेवर लांबट लाल चट्टा, त्यावर बारीक फोड. अनेकदा हे काम पेडेरस नावाच्या भुंगेऱ्याचे असते. केशरी-काळा, मुंगीसारखा दिसणारा, सेंटिमीटरभराचा हा किडा चावत नाही. अंगावर चिरडला गेला की त्याच्यातले पेडेरिन त्वचा भाजते. फुंकर मारून उडवला, तर काहीच होत नाही. चिरडला गेलाच, तर जागा लगेच साबणाने धुवावी. घरातल्या दिव्याभोवती फिरणाऱ्या किड्याचा स्पष्ट फोटो रुग्णाने दाखवला, तर ‘नागीण’ समजून भलतेच उपचार होणे टळते.

कॅमेऱ्याची मर्यादाही ओळखावी. स्क्रब टायफस पसरवणारी माइटची अळी ०.२ मिलिमीटरच्या आसपास असते. मॅक्रो लेन्समध्येही ती ठिपक्याएवढीच. म्हणून गवतात बसताना पूर्ण बाह्यांचे कपडे, बूट घाला आणि घरी आल्यावर अंघोळ करा. पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला, अंगावर न दुखणारी काळी खपली दिसली, तर गवतात गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध वेळेवर मिळाले की बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर जिवावर बेततो.

सापाच्या जवळ मॅक्रो लेन्स नेऊच नये. सर्पदंशानंतर फोटोसाठी सापामागे धावणे तर घातकच. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. सरळ रुग्णालय गाठावे.

आपल्याच परिसरातले असे फोटो शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर नावासह लागले पाहिजेत. चिरडू नये तो किडा कोणता, पिकावरचा मावा खाणारा ढालकिडा कोणता, हे मुलांना कळेल. हौशी छायाचित्रकारांनी हे काम हाती घ्यावे. त्यासाठी वाघाची वाट पाहावी लागत नाही.