स्वयंपाकाची साक्षरता

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी पुण्यामुंबईत एकट्याने राहणाऱ्या तरुणांपुढे पहिला प्रश्न खोलीचा असतो आणि दुसरा दोन वेळच्या जेवणाचा. पुष्कळदा खोलीत गॅस असतो, कुकर असतो, घरून दिलेला मसाल्याचा डबाही असतो. नसते ते या साधनांचा उपयोग करण्याचे ज्ञान. मग खानावळ किंवा मोबाइलवरून मागविलेले खाद्यपदार्थ यांवर निर्वाह चालतो. मुंबईच्या गिरणगावातील कामगारही खानावळीत जेवत. त्या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांचे संघटन म्हणून १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे राहिले. परंतु पाळ्यांत राबून एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या त्या कामगाराला चूल मांडणेच अशक्य होते. आजच्या तरुणाजवळ चूल आहे, विद्या नाही.

यावर श्रमविभागणीचा युक्तिवाद केला जातो. ज्याचे काम त्याने करावे, संगणकावर बसणाऱ्याने भाजी का चिरावी, असे विचारले जाते. तत्त्व चुकीचे नाही. हिशेब अपुरा आहे. विकतच्या जेवणाच्या किमतीत जागेचे भाडे, पोहोचविण्याचा खर्च आणि नफा समाविष्ट असतो. २०२२-२३ च्या कौटुंबिक उपभोग खर्चाच्या पाहणीत शहरी भागातील दरडोई खर्चात पेये व प्रक्रिया केलेले अन्न यांचा वाटा १०.६४ टक्के, तर तृणधान्यांचा केवळ ३.६४ टक्के होता. शिजविण्याचे श्रम बाजाराकडे किती सरकले आहेत, याची काही कल्पना या आकड्यांवरून येते.

वेळेचा हिशेबही असाच फसवा असतो. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, चार वाट्या पाणी, हळद व मीठ कुकरमध्ये घालून तीन शिट्ट्या केल्या, की दोघांना पुरेल एवढी मऊ खिचडी होते. यास अर्धा तास लागत असला, तरी हात गुंततात ते जेमतेम दहा मिनिटे. नवशिक्या मात्र सगळा अर्धा तास खर्ची घालतो आणि काम महाग ठरवितो. मटकीला मोड येण्यास रात्र जाते. माणसास जागावे लागत नाही.

शिकण्याचा क्रमही विचारपूर्वक ठरविला पाहिजे. तेल तापल्यावर मोहरी, ती तडतडल्यावर जिरे, मग हिंग व हळद, ही एक फोडणी साधली की पोहे, उपमा, आमटी आणि उसळ असे अनेक पदार्थ आवाक्यात येतात. थोड्या भांडवलावर अनेक उत्पादने निघावीत, तसा हा प्रकार आहे. याउलट कणीक मळून पोळ्या लाटण्यास दीर्घ सराव लागतो. त्या पोळीभाजी केंद्रातून आणाव्यात आणि भाजी घरी करावी. श्रमविभागणीचा खरा लाभ असा डोळसपणे घेता येतो.

मग ही विद्या सर्वत्र पोहोचली का नाही? याचे एक कारण असे, की ती ‘अंदाजा’ने चालत आली व मायलेकींपुरतीच राहिली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची प्रमाणे देऊन अंदाजाला मोजमाप दिले, हे तिचे मोठे सामाजिक कार्य होय. दुसरे कारण अधिक खोल आहे. मालकाने आपल्या स्वयंपाकिणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही पिगू या अर्थशास्त्रज्ञाने दाखविलेली विसंगती प्रसिद्ध आहे. ज्या श्रमाला मोल नाही, त्याचे शिक्षण द्यावे असे कोणास वाटत नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरातील विनामोबदला कामांत भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे, तर पुरुष ९७ मिनिटे खर्च करीत होते. आणि मुळात अशा कामांत भाग घेणारे पुरुष शेकडा २६ च होते. मुलाला स्वयंपाक न शिकविणे म्हणजे त्याचा भार आज आईवर, उद्या पत्नीवर टाकणे होय.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडून व्यवसाय शिकण्याची शिफारस केली आहे. त्यांतील दोन दिवस मुलगे व मुली यांना एकत्र बसवून वरणभात, एक भाजी व एक कोशिंबीर शिकविण्यास द्यावेत. खर्च किरकोळ आहे. शिकविण्यास शालेय पोषण आहार शिजविणाऱ्या, अत्यल्प मानधनावर राबणाऱ्या स्त्रिया आहेतच. त्यांना या कामाचा स्वतंत्र मोबदला मात्र मिळाला पाहिजे. नाहीतर बिनमोलाच्या श्रमाचा धडा त्याच वर्गात पुन्हा गिरविला जाईल.