विश्लेषण : विमानामागची पांढरी रेघ कधी टिकते? तिचा पावसाशी संबंध काय?

बुलढाणा : नकाशावर मुंबई आणि नागपूर सरळ रेषेने जोडले, तर ती रेषा चिखली-मेहकरच्या पट्ट्यावरून जाते. आकाश निरभ्र असले की विमानामागे पांढरी रेघ दिसते. कधी ती क्षणात विरते, कधी तासभर पसरत राहते. ‘औषध फवारून ढग पळवतात’ अशी शंकाही त्यावरून घेतली जाते. नेमके काय घडते?

रेघ कशाची?
एक किलो विमान इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ तयार होते. बाहेरची हवा उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थंड असेल, तर ही वाफ काजळीच्या कणांवर जमून गोठते. म्हणजे रेघ धुराची नव्हे, बर्फाच्या कणांची. आपल्याकडे एवढी थंडी साधारण १० ते ११ किलोमीटर उंचीवर मिळते. त्यामुळे कमी उंचीवरून जाणारी लहान विमाने रेघ सोडत नाहीत.

टिकते कधी?
वरची हवा कोरडी असेल तर बर्फाची लगेच वाफ होते. ती दमट असेल तर कण वाढतात आणि रेघ पसरून पातळ ढग होतो. हा ढग जमिनीकडून वर जाणारी उष्णता अडवतो, विशेषतः रात्री.

अंदाज अवघड का?
उंचावरच्या तापमानाचा अंदाज बऱ्यापैकी जमतो. अडचण आर्द्रतेची आहे. नागपूरसारख्या केंद्रांवरून सोडलेले फुगे ती मोजतात, पण ठरावीक वेळी आणि ठरावीक जागीच. दमट थर मात्र अनेकदा काहीशे मीटरच जाडीचा असतो. म्हणूनच विमानाची उंची थोडी बदलली तरी रेघ टळू शकते. गुगल आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनी २०२३ मध्ये जाहीर केलेल्या ७० चाचणी उड्डाणांत अशा रेघा ५४ टक्क्यांनी घटल्या.

मग ढग पळवतात का?
नाही. २०१५ आणि २०१९ मध्ये औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) कृत्रिम पावसाचे प्रयोग झाले. ती विमाने पावसाच्या ढगांपाशी जाऊन क्षारांचे कण सोडतात. प्रवासी विमाने त्याहून बरीच उंच असतात आणि त्यांची रेघ पाऊस थांबवत नाही.

शेतकऱ्यांनी काय समजावे?
लांब टिकणारी रेघ एवढेच सांगते की खूप उंचावर ओलावा आहे. सोयाबीनची पेरणी त्यावर ठरवू नये. त्यासाठी हवामान विभागाचा अंदाज, अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला आणि शेतातली ओल हेच पाहावे.