अळसांद्यांना दोष देण्यापूर्वी

निस्ते सोडून भाजी-कडधान्यांवर आलेल्या माणसाच्या पोटात पहिल्या पंधरवड्यात जे काही चालते, त्याविषयी आपल्याकडे कुणी लिहीत नाही. बोलतात ते विनोदापुरते. घरात "वात धरलाय" एवढेच सांगायचे, देवळात कीर्तनाला मांडी घालून बसायची वेळ आली की मागच्या खांबाशी जागा धरायची, आणि आठवड्याभराने पिशवी घेऊन गुपचूप मासळी बाजाराची वाट धरायची. किती जणांचा शिवराकाचा निश्चय असा मोडला असेल! आजाराने नव्हे, नुसत्या लाजेने. म्हणून मी जरा सभ्यपणा बाजूला ठेवून लिहितो आहे. वाचकहो, सांभाळून घ्या.

माझे मत सरळ आहे. पोटात वायू धरतो याचा अर्थ शिवराक जेवण आपल्याला मानवत नाही असा होत नाही. "गोंयकाराचे पोट निस्त्याचेच" हा माझ्या वयाच्या मंडळींचा लाडका युक्तिवाद तर मला मुळीच पटत नाही. याच पोटांनी श्रावण पाळले, सोमवार पाळले, चवथीच्या पानावर खतखते, गाठी आणि चण्याची उसळ एकाच बैठकीत रिचवली. तेव्हा कुणी पोट धरून बसत नव्हते. मग आताच काय झाले?

बंगळूरला असलेला माझा भाचा गेल्या जानेवारीत 'वीगन' झाला. अठराव्या दिवशी त्याचा फोन. "मामा, पोटाचा नुसता ढोल झालाय. हे आपल्याला जमणारे नाही." खातोस काय, म्हणून विचारले. सकाळी वाडगाभर कच्ची मोड आलेली कडधान्ये, दुपारी राजमा, चार वाजता प्रोटीन बार, रात्री सोयाचे तुकडे आणि कोबी. मी म्हटले, "अरे, तू जेवत नाहीस, गोदाम भरतो आहेस!"

आता यामागचे कारण पाहू. कडधान्यांत रॅफिनोज, स्टॅकियोज अशा नावांच्या काही साखरा असतात. त्या फोडायला अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाचे एन्झाइम लागते आणि माणसाच्या लहान आतड्यात ते तयारच होत नाही. निस्ते खाणाऱ्याच्याही नाही, सात पिढ्यांच्या शाकाहाऱ्याच्याही नाही. या साखरा तशाच मोठ्या आतड्यात उतरतात, तिथले जिवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाकुणाच्या पोटात मिथेन, असे वायू सुटतात. यातल्या कशालाच वास नसतो. वास येतो तो गंधकाच्या अगदी थोड्या संयुगांचा. निरोगी माणसाच्या पोटातून दिवसाला साधारण अर्ध्या ते दीड लिटरपर्यंत वायू जातो, आणि दहा-वीस वेळा जाणे यात काहीही वावगे नाही. हे आकडे कळले तरी निम्मी चिंता कमी होते, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट चोथ्याची. तळलेल्या बांगड्यात चोथा शून्य. शीत-हुमण आणि तोंडी लावायला चमचाभर भाजी या जेवणावर वाढलेल्या पोटाला मोठी वाटीभर शिजवलेली चवळी एका दमात दहाएक ग्रॅम चोथा देते. आतले जिवाणू आपल्या जेवणाप्रमाणे बदलतात, पण त्यांना काही आठवडे द्यावे लागतात. 2011 साली अमेरिकेत यावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लोकांना रोज अर्धा कप शेंगदाण्यांपैकी काही नव्हे, तर राजम्याच्या जातीचे दाणे किंवा चवळी दिली होती. राजम्याच्या गटांत पहिल्या आठवड्यात सुमारे निम्म्यांनी वायू वाढल्याचे सांगितले. चवळीच्या गटात असे सांगणारे पाचांत एकही नव्हते म्हणा ना, एकोणीस टक्के. आणि ज्यांना त्रास झाला त्यातल्या बहुतेकांचा तो दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापर्यंत ओसरला. चवळी म्हणजे आपल्या अळसांद्यांचीच जात! चरकसंहितेत राजमाष वातूळ सांगितला आहे, आणि राजमाष म्हणजे चवळी असे बहुतेक जाणकार मानतात, हे मला ठाऊक आहे. पण त्याच अध्यायात मुगाला अग्रमान आहे. मुगाच्या मानाने अळसांदे वातूळच. राजमा मात्र चरकाच्या पानावर नव्हताच, तो अमेरिका खंडातून फार नंतर आला.

मुगावरून आमच्या स्वयंपाकघरात येतो. चवथीच्या आदल्या दिवशी आई मोड आलेल्या मुगांची परात घेऊन बसायची आणि आम्हा पोरांना साली काढायला लावायची. कंटाळवाणे काम. गाठी दिसायला देखणी व्हावी म्हणून हा खटाटोप, असे आम्हाला वाटे. आज त्या कामाकडे पाहिले की थक्क व्हायला होते. मूग रात्रभर भिजवले, ते पाणी ओतून दिले, त्याबरोबर त्या साखरांतला काही भाग गेला. मोड आणले, अंकुराने त्यातल्या आणखी साखरा स्वतःच्या वाढीसाठी खाल्ल्या. साली काढल्या, चोथा कमी झाला. वर मऊ शिजवले. आणि सणाचे जेवण म्हणून कांदा-लसूण नाही. कांद्या-लसणातले फ्रुक्टान हेसुद्धा वायू करणारेच. आईला रॅफिनोजचे नाव कुणी सांगितले नव्हते, पण तिच्या हातून जे होत होते ते भाच्याच्या कच्च्या वाडग्यात कुठेच नव्हते.

आणखी एक गोष्ट आपण फुकट घालवतो, ती म्हणजे शीत. तांदळाचे पिष्ट लहान आतड्यातच जवळजवळ पूर्ण पचते, म्हणून धान्यांत सगळ्यांत कमी वायू भाताचा. गव्हात फ्रुक्टान असतात. 'हेल्दी' म्हणून भात टाकून तीन-तीन चपात्यांबरोबर उसळ खाणारा माणूस वायू दोन्ही बाजूंनी ओढवून घेतो. उकड्या तांदळाची पेज, त्यात दोन चमचे मुगाची गाठी, ही सुरुवात मला कुठल्याही डाएट चार्टपेक्षा शहाणी वाटते.

मी स्वतः तीन वर्षांपूर्वी निस्ते आणि अंडी सोडली, मागाहून दूधही. प्रकृतीच्या कारणासाठी, सोवळ्याओवळ्याचा त्यात संबंध नाही. निस्ते खाणाऱ्याला नाक मुरडणारे शिवराक मला आवडत नाहीत. पहिले दोन आठवडे कडधान्य दिवसातून एकदाच, तेही अर्धी वाटी, दुपारी. मूग आणि मसूर आधी, अळसांदे तिसऱ्या आठवड्यात, चणे आणि पांढरे वाटाणे महिन्याने. भिजवलेले पाणी न चुकता ओतायचे. पाणी भरपूर प्यायचे, नाही तर चोथा वाढून पोट साफच होत नाही आणि वायू अडतो. जेवणानंतर शतपावली; चालण्याने वायू पुढे सरकतो, हा जुन्या माणसांचा वेडेपणा नव्हे. बी-12 ची गोळी मात्र डॉक्टरांना विचारून सुरू करा, ते वनस्पतींतून मिळत नाही.

हिंगाविषयी दोन शब्द, कारण प्रत्येक घरात एक हिंगवाला असतो. हिंग, ओवा, तिरफळ मला तिन्ही प्रिय आहेत, तोणाकाला तिरफळ नसेल तर माझे जेवण अर्धे राहते. पण फोडणीत हिंग पडला म्हणून अळसांद्यांतली साखर कमी होत नाही. ती कमी होते ती भिजवणीच्या पाण्याबरोबर आणि मोडांमुळे. तो चुकवायचा आणि चिमूटभर हिंगावर भिस्त ठेवायची, हा आळशी माणसाचा आयुर्वेद झाला. औषधाच्या दुकानात ते एन्झाइमच गोळीतून मिळते. जेवणाच्या पहिल्या घासांबरोबर घ्यावे लागते. लग्नाच्या पंगतीपुरते ठीक. रोजच्या जेवणाला गोळी लागत असेल तर आधी ताटातले प्रमाण पाहावे.

आणि ती नवी दुकानी पदार्थांची रांग! काजूचे चीज, काजूचे दूध. काजू आपला म्हणून प्रेम आहे, पण मूठभराच्या पलीकडे गेला की तोही पोट फुगवतो. प्रोटीन बारमध्ये बहुधा चिकोरीच्या मुळातले इन्युलिन असते, ते तर जिवाणूंचे पक्वान्नच. त्या मानाने टोफू बरा; तो करताना सोयातल्या बऱ्याचशा साखरा पाण्याबरोबर निघून जातात.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नये. वजन आपोआप उतरते आहे, शौचातून रक्त जाते, रात्री पोटदुखीने जाग येते, तर दोष अळसांद्यांवर टाकून घरी बसू नका, डॉक्टरांना दाखवा. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे पोट आठवड्यांमागून आठवडे फुगलेलेच राहत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायलाच हवे. आपल्या बायका "वात आहे" म्हणून हे वर्षभर अंगावर काढतात.

भाच्याला मी राजमा आणि बार बंद करायला सांगितले. मूग, भात आणि महिनाभर धीर. चवथीला घरी आला तेव्हा गाठी दोनदा मागून घेतली. साली काढायला मात्र बसला नाही, फोनवर बोलत अंगणात फिरत होता. मी अजूनही सकाळी लांबच्या बसने जायचे असेल तर पातळ भाजी-पाव टाळतो.