ताठ स्प्रिंग आणि थकलेला शॉकर

या स्मरणिकेत मी लसीकरणावर लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा असावी. त्यांची क्षमा मागून आज मोटारीविषयी लिहितो. निमित्त असे की, आपल्या एका तरुण सहकाऱ्याने नुकतीच जुनी स्पोर्ट्स कार घेतली आहे आणि ती 'खाली बसवून' ताठ करण्याचा त्याचा मनोदय आहे. हा मोह मला परिचयाचा आहे.

२००२ साली सचिन तेंडुलकरांना फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली आणि मराठी घरांत स्पोर्ट्स कार हा जेवणाच्या पंगतीतला विषय झाला. फेरारी माझ्या ऐपतीतली नव्हतीच. मी फियाट पॅलिओची १.६ लिटरची, १०० अश्वशक्तीची गाडी घेतली आणि वर्षभरातच एका गॅरेजात तिला आखूड, कडक स्प्रिंगा बसवून आणल्या. शॉकर मात्र जुनेच ठेवले. गाडी दोन बोटे खाली आली. मी कृतार्थ!

पुढच्याच पावसाळ्यात बैहरहून परतताना गांगुलपाऱ्याच्या घाटात, एका उखडलेल्या वळणावर मागचे चाक खड्ड्यात आपटले, उसळले आणि गाडीची शेपूट दरीच्या बाजूस सरकली. कठड्यापासून हातभर अंतरावर गाडी थांबली. मागे चार वर्षांची मुलगी होती आणि तिला पट्टा बांधलेला नव्हता. बालरोगतज्ज्ञाने हे लिहिताना मान खालीच घालावी लागते.

दोष केवळ रस्त्याचा नव्हता. स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत करते. ती ऊर्जा जिरवण्याचे काम शॉकरचे. स्प्रिंग कडक केली आणि शॉकर तोच राहिला, तर उसळी आवरणार कोण? शिवाय गाडी खाली आणल्यावर चाकाला वर सरकण्यास जागा उरत नाही. ते रबरी ठोकळ्यावर आदळते, त्या क्षणी सस्पेन्शन जवळजवळ दगड होते आणि टायरची रस्त्यावरील पकड सुटते. गुळगुळीत शर्यतपथावर जो ताठरपणा गुण ठरतो, तोच आपल्या रस्त्यावर चाकाला जमिनीपासून तोडतो.

आता थोडे शरीरशास्त्र. साधी प्रवासी गाडी आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला सुमारे एक ते दीड वेळा डोलते. बसलेल्या माणसाला उभ्या दिशेचा हादरा सर्वाधिक जाचतो तो सेकंदाला चार ते आठ कंपनांच्या टप्प्यात. स्प्रिंग जितकी कडक, तितके आपण त्या टप्प्याकडे सरकतो. कंबरदुखीचे रुग्ण तपासणाऱ्या आपल्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना हे अधिक सांगायला नको.

विशेष म्हणजे उत्तम स्पोर्ट्स कार घडवणाऱ्यांनी हे केव्हाच ओळखले होते. १९६२ ची लोटस एलान मऊ स्प्रिंगा आणि नेमके शॉकर यांच्या बळावरच वळणांवर नावाजली गेली. तेंडुलकरांच्या त्या फेरारीतही शॉकरचा जोर विजेच्या नियंत्रणाने रस्त्यानुसार बदलत असे. म्हणजे कणा ताठ हवा, सांधे नव्हेत! (आमच्या गॅरेजवाल्यांना मात्र अजूनही 'कडक' हाच शब्द मोठा वाटतो.)

मी पुढे मूळ स्प्रिंगा परत बसवल्या. पैसे खर्च केले ते चांगल्या गॅसच्या शॉकरांवर, झिजलेल्या रबरी बुशांवर, नव्या टायरांवर आणि अलाइनमेंटवर. भरवेलीच्या खाणीवरून येणाऱ्या ट्रकांनी दाबून काढलेल्या रस्त्यावरही गाडी पूर्वीपेक्षा वेगाने आणि निश्चिंतपणे वळू लागली. मुलगी मागे, पट्ट्यात, झोपून जाई. रोजच्या वापरासाठी स्पोर्ट्स कारची सुधारणा करायची ती याच क्रमाने, असे माझे ठाम मत झाले आहे.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या जानेवारीत हे पुन्हा बजावले. झिजलेला शॉकर त्याच मापाच्या चांगल्या शॉकरने बदलणे ही मात्र निव्वळ निगा होय.

तेव्हा आमच्या तरुण मित्रास एवढीच विनंती की, स्प्रिंगांची मागणी नोंदवण्यापूर्वी एका रविवारी गाडी माझ्या दारी आणावी. जॅक माझ्याकडे आहे. चाके उचलून बुश आणि शॉकर दोघे मिळून पाहू. आणि नंतर मागच्या आसनावर त्याच्या मातोश्रींना बसवून गांगुलपाऱ्यापर्यंत जाऊन येऊ.